अन्नाचे वावडे आणि आमचे अज्ञान

धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या व जेमतेम मॅट्रिक झालेल्या मनुष्याने वैद्यकावर लिहावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या वैशाखात चोपड्यास आमच्या घरी जे घडले, ते सभासद बंधूंच्या घरी घडू नये, एवढ्याच हेतूने ही लेखणी उचलली आहे.

माझ्या मुलीचा सात वर्षांचा मुलगा सुटीत आजोळी आला होता. आदल्या दिवाळीत काजूची वडी खाऊन त्याचे ओठ सुजले होते व अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या होत्या. “उष्णता आहे, थोडे थोडे खाल्ले की अंगवळणी पडेल,” असा निर्णय त्या वेळी मीच दिला. वैशाखातील त्या दिवशी पाहुण्यांसाठी केलेल्या शिऱ्यातील काजूचा एक तुकडा त्याच्या तोंडात गेला. पाच-सात मिनिटांत अंगभर गांध्या, मागोमाग वांती, मग आवाज घोगरा झाला व श्वासात शीळ वाजू लागली. कोणी आमसुलाचा कोळ आणावयास धावले. जावईबापूंनी मात्र मुलास गाडीत निजविले व शिवोलीचा पूल ओलांडून दवाखाना गाठला. तेथे मांडीत ॲड्रिनालिनचे इंजेक्शन मिळताच थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. पूर्वी येथे पूल नव्हता, फेरीबोट होती. ती त्या क्षणी पलीकडच्या काठास असती तर, या विचाराने अजून माझी झोप उडते.

मी केलेली चूक एका थोर शास्त्रज्ञाच्या अनुमानाशी जुळणारी निघाली, हे मागाहून वाचनात आले. इ. स. १९०१ साली मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्तिये हे दोघे फ्रेंच संशोधक एका विषारी समुद्रजीवाचा अभ्यास करीत होते. या जीवास युरोपात ‘पोर्तुगीज लढाऊ जहाज’ म्हणतात. पावसाळ्यात तो आपल्या किनाऱ्यासही लागतो. पुढे पॅरिसला त्यांनी समुद्रफुलाच्या विषाची मात्रा कुत्र्यांस दिली. हे प्रयोग आपल्या मनास रुचणारे नाहीत, पण त्यांचे फळ सर्वांस मिळाले आहे. पहिल्या मात्रेने प्राणी विषास सरावेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे तीन आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने धडधाकट कुत्रा अर्ध्या तासात मेला. संरक्षणाच्या उलट, या अर्थाने रिशे यांनी त्यास ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे असे की, शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थास शत्रू समजून त्याच्याविरुद्ध शस्त्रे तयार करून ठेविते. तो पदार्थ पुन्हा आला की हिस्टामिन आदी द्रव्ये एकदम बाहेर पडतात. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो. मागची प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून पुढचीही सौम्यच होईल, असा भरवसा नाही. काजू, शेंगदाणे, दूध, पेनिसिलिन, गांधीलमाशीचा दंश, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला आणि आज आपल्याकडे त्यावाचून पंगत होत नाही. बिया फोडताना टरफलाच्या तेलाने हातास फोड येतात तो प्रकार निराळा. तो कातडीपुरता असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यल्प मात्रेने वावडे कमी करण्याचे उपचार आता निघाले आहेत, पण ते आजोबांनी करावयाचे काम नव्हे.

अशा वेळी खरे औषध ॲड्रिनालिन हेच. पित्ताच्या गोळीने गांध्या बसतील, घसा उघडणार नाही. रोग्यास उभे करू नये वा चालवू नये. आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असल्यास बसू द्यावे, व तत्काळ १०८ ला बोलवावे. आराम वाटला तरी लगेच घरी आणू नये, कारण काही तासांनी लक्षणे उलटू शकतात. आमच्या नातवास त्यासाठीच रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतले होते.

व्यापाऱ्याकडेही यातील काही भाग येतो. २०२० च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटावर शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख सक्तीचा आहे. सुट्या मालाचे काय? शेंगदाण्याच्या रिकाम्या गोणीत डाळ भरणे मीही वर्षानुवर्षे केले. आता आमच्या वखारीत त्या गोणी व मापे निराळी ठेविली आहेत. मुनीमजींस प्रथम हे खूळ वाटले. नातू दुकानात आला तेव्हा त्यांनीच त्यास काजूच्या पोत्यांपासून दूर बसविले.