मुलगा एकवीसचा झाला, म्हणून ग्रीन कार्ड?

“पोरगं अमेरिकेत जन्मलंय. ते एकवीसचं झालं की आईबापाचं ग्रीन कार्ड पक्कं.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते पुरं व्हायच्या आत कपाळाला हात जातो. डंकीच्या, म्हणजे चोरट्या, वाटेने माणसं पाठवणारा एजंट ते सांगतो, कारण त्याला पैसे हवे असतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका सांगतात, कारण त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि ज्यांची वीस वर्षं याच वाक्याच्या भरवशावर गेली, ते सांगत नाहीत, विचारतात. त्यांना उत्तर देणं जड जातं.

हा पंजाब-गुजरातचा प्रश्न, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यांत बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण महाराष्ट्रातलेही तिघे होते. अमेरिकेच्या सीमा विभागाच्या नोंदीनुसार २०२३ या आर्थिक वर्षात ९६ हजारांहून अधिक भारतीय विनापरवाना सीमा ओलांडताना आढळले. यांतल्या पुष्कळांच्या डोक्यात हाच हिशेब असतो: आधी आत शिरू, पोर होईल, पोर मोठं होईल, मग बघू.

गैरसमज टिकतो, कारण त्यात अर्धं सत्य असतं. अमेरिकी नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची झाली की आईवडिलांसाठी आय-१३० हा अर्ज भरू शकते, हे खरं. या नात्याला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही, हेही खरं. पण हा अर्ज फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हे खरोखर आई-मुलगा आहेत का? कायद्याचा दुसरा प्रश्न मुलाबद्दल नसतोच. ही बाई अमेरिकेत आली कशी, असं तो विचारतो. मुलाचं वय कितीही वाढलं तरी या दुसऱ्या उत्तरात अक्षराचा फरक पडत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सुनंदाताई आणि त्यांचे यजमान २००३ साली मेक्सिकोच्या बाजूने, कुठलाही शिक्का न घेता, अमेरिकेत शिरले. २००४ मध्ये न्यू जर्सीत मुलगा झाला. २०२५ मध्ये तो एकवीसचा झाला, त्याने आईसाठी आय-१३० भरला, जन्मदाखला जोडला, अर्ज मंजूर झाला. घरात पेढे वाटले गेले. आता पुढे?

ग्रीन कार्डाला दोन दारं आहेत. पहिलं अमेरिकेच्या आतलं. देशात राहूनच स्टेटस बदलून घ्यायचं. पण इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४५ची अट अशी, की तुम्ही अधिकाऱ्यासमोर उभं राहून, तपासणी होऊन आत आलेले हवेत, किंवा तुम्हाला अधिकृत पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या खास परवानगीवर, आत सोडलेलं हवं. सुनंदाताईंचं यातलं काहीच झालेलं नाही. दार बंद.

इथे लोक हमखास एक उदाहरण तोंडावर फेकतात. “अहो, त्या अमक्यांची आई टुरिस्ट व्हिसावर आली, दहा वर्षं तशीच राहिली, मुलीने अर्ज केला आणि मिळालं की ग्रीन कार्ड!” मिळालं असेल. ती बाई विमानतळावर पासपोर्टावर शिक्का घेऊन आली होती. पुढे मुदत उलटली, विनापरवाना काम केलं, तरी नागरिकाच्या आईवडिलांना त्याबद्दल या कलमात सूट आहे. शिक्क्याशिवाय आत येणाऱ्याला ती सूट नाही. हा भेद न्याय्य आहे का, यावर वाद घाला. पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं सांगून कुणाला खड्ड्यात घालू नका.

दुसरं दार बाहेरचं. भारतात परत जायचं, मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायची आणि इमिग्रंट व्हिसावर परत यायचं. ऐकायला सरळ वाटतं, आणि खरा सापळा इथेच आहे. १९९६ साली झालेल्या आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू असलेल्या कायद्याने असं ठरवलं, की १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून, कारवाई सुरू होण्याआधी देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि वर्ष किंवा अधिक काळ राहून देश सोडला तर दहा वर्षं. ही बंदी आत राहणाऱ्याला लागत नाही, बाहेर पडणाऱ्याला लागते. म्हणजे सुनंदाताई ज्या क्षणी मुलाखतीसाठी मुंबईच्या विमानात बसतील, त्या क्षणी त्यांच्यामागे दहा वर्षांचं कुलूप पडेल.

“मग माफी असते ना!” असते. तिला वेव्हर म्हणतात, आणि २०१३ पासून तिचा एक प्रकार देश सोडण्याआधीच मागता येतो. पण ती कुणाच्या हालांसाठी मिळते, हे कुणी वाचतच नाही. अर्जदार परत येऊ शकली नाही तर तिच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याचे, अथवा तसेच कागद असलेल्या तिच्या स्वतःच्या आईवडिलांचे पराकोटीचे हाल होतील, हे सिद्ध करावं लागतं. मुलगा या यादीत नाही. ज्या मुलाने अर्ज भरला, ज्याच्या भरवशावर वीस वर्षं काढली, त्याचे हाल कायदा स्वतंत्रपणे मोजतच नाही. सुनंदाताईंच्या यजमानांकडे कागद नाहीत, आईवडील सांगलीला. मग माफी मागायची कुणाच्या नावाने?

याहून वाईटही होऊ शकतं. समजा, २०१० मध्ये वडील गेले म्हणून त्या घरी आल्या आणि दहावं-तेरावं उरकून पुन्हा त्याच वाटेने आत शिरल्या. एकूण वर्षाहून अधिक बेकायदा वास्तव्य आणि त्यानंतर पुन्हा विनातपासणी प्रवेश, या जोडीला कायमची बंदी आहे. आधी दहा वर्षं अमेरिकेबाहेर काढायची, आणि मग मिळते ती फक्त अर्ज करण्याची परवानगी मागायची मुभा.

तर मग सगळ्यांनाच सगळं बंद आहे का? नाही, पण वाटा अरुंद आहेत. ३० एप्रिल २००१ पर्यंत त्या व्यक्तीसाठी कुणी रीतसर अर्ज भरला असेल, मग तो भावाचा का असेना, तर जुन्या कलम २४५(आय)खाली हजार डॉलर दंड भरून आतूनच ग्रीन कार्ड मागता येतं. अर्ज १४ जानेवारी १९९८ नंतरचा असेल तर २१ डिसेंबर २००० रोजी ती अमेरिकेत होती, हेही दाखवावं लागतं. सीमेवर अधिकृत पॅरोल मिळालेला माणूसही पात्र ठरू शकतो. पण कोठडीतून जामिनावर किंवा हमीवर सोडलं जाणं म्हणजे तो पॅरोल नव्हे, असं इमिग्रेशन अपील मंडळाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. कागदावर ‘पॅरोल’ शब्द दिसला म्हणून हुरळू नका, कुठल्या कलमाखाली आहे ते पाहा. आणि ज्यांना आश्रय, म्हणजे असायलम, मंजूर झाला आहे त्यांचा रस्ता वेगळ्या कलमातून जातो. तिथे मुलाच्या वयाशी संबंधच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

मुलाकडे ग्रीन कार्ड असलं की पुरे: नाही. आईवडिलांसाठी मुलगा नागरिकच हवा.

आईचं झालं की धाकट्या भावंडांचंही आपोआप होतं: नाही. या प्रकारात सोबत कुणी येत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा.

आय-१३० मंजूर झाला की कुणी हात लावू शकत नाही: लावू शकतं. मंजुरीने स्टेटस मिळत नाही आणि हद्दपारीही टळत नाही, हे इमिग्रेशन खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा लिहून ठेवलं आहे.

बायडन सरकारच्या योजनेत आईवडीलही होते: नव्हते. २०२४ची ती योजना नागरिकांचे जोडीदार आणि सावत्र मुलं यांच्यासाठी होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने ती रद्द केली.

मुलगा सैन्यात गेला की आईवडिलांचं होतंच: सवलत आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही.

‘मी इथलाच सिटिझन’ असं एकदा खोटं सांगितलं तर काय बिघडतं: फार बिघडतं. १९९६ नंतरच्या अशा खोट्याला ग्रीन कार्डासाठी जवळजवळ कुठलीच माफी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर ‘मुलगा किती वर्षांचा?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा: आत कशा आलात, किती वेळा आलात, मध्ये कधी बाहेर गेलात, हातात कुठला कागद मिळाला? आठवत नसेल तर सरकारी फाइलची प्रत माहितीच्या कायद्याखाली मागवता येते. ती फाइल इमिग्रेशनच्या परवानाधारक वकिलाला दाखवा. एजंटाला नको, पंगतीतल्या काकांना तर नकोच. आणि तो वकील ‘हो’ म्हणेपर्यंत मुंबईचं तिकीट काढू नका.