घरच्या पडद्यावरील दोन चित्रपट

एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी असलेले आमचे बऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात आहे. मराठी चित्रपट आम्ही आता बहुधा घरीच पाहतो. त्यात एक लाभ असा की, चित्रपट मध्येच थांबवून मतभेद बोलून दाखवता येतात.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) मतभेदास जागाच ठेवली नाही. नातवाचे प्राण वाचवायचे तर त्याची दृष्टी जाणार, हे कळल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग दाखवावयास बाहेर नेणारा आजोबा अरुण नलावडे यांनी असा उभा केला आहे की, सारे घर निःशब्द झाले.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) मात्र वाद घडवला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यालाही लाभला आहे. यातील सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) सहकुटुंब मराठी नाटकास जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टवाळी होते आणि प्रेक्षागृह हसते. आमच्यापैकी काहींना हा प्रसंग मराठी माणसावर अन्याय करणारा वाटला. आमचे मत निराळे आहे. त्या बाई दुष्ट नाहीत. घरसंसार सांभाळणाऱ्या, आपल्यासारख्याच आहेत. म्हणूनच ते हसू बोचते. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात नांदलेल्या आपण मंडळींनी त्यात सामील कसे व्हावे? उद्या येथील एखाद्या रंगमंचावर आपलीच टवाळी झाली तर?

वाचकांनी ‘कोर्ट’ मुलाबाळांसह पाहावा, त्या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे आणि पुढची चर्चा मराठीतच करावी.