अंगणातला पुरंदर

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रात वाड्यांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या पार्किंगशेजारी मुलांच्या किल्ल्यासाठी दगड, विटा, तरटं आणि लाल माती गोळा होऊ लागते. तरट चिखलात बुचकळून दगडांवर पांघरायचं, हाताने थापून कडे काढायचे, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत हिरवळ डोकावते, सिंहासनावर महाराज बसतात, वाटेवर मावळे उभे राहतात.

पूर्वी हा किल्ला बहुधा मनातलाच असे. आता गावोगावच्या किल्ले स्पर्धांमुळे राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग हुबेहूब करण्याची चढाओढ लागते. हुबेहूब करायचा तर नकाशा हवा, फोटो हवेत, जमलं तर गडावर एक फेरीही हवी. इतिहास शिकायला सुरुवात होते ती इथेच.

रायगडाचा महादरवाजा घ्या. मुलांना तो दर्शनी, ऐटीत लावायचा असतो. नकाशात मात्र तो दोन भक्कम बुरुजांच्या आड दडलेला. असं का? ही गोमुखी बांधणी. वळणावळणाने चढून आलेल्या शत्रूला दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही. त्यावर तोफ थेट डागता येत नाही, धडकेसाठी हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही आणि बुरुजांवरून मारा मात्र होत राहतो. मातीचे दोन बुरूज थापताना हे सारं आपोआप उलगडतं.

पुरंदरची गंमत आणखी वेगळी. १६६५च्या जूनमध्ये झालेल्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, हे शाळेत पाठ होतं. पण तहाची वेळ का आली, हे प्रतिकृतीत समजतं. पुरंदर करायचा तर शेजारचा वज्रगडही करावा लागतो, मध्ये भैरवखिंड. वज्रगडावर बोट ठेवून नजर फिरवली, की पुरंदरची माची किती जवळ आहे ते दिसतं. मोगल सरदार मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी नेमकं हेच हेरलं. एप्रिलमध्ये त्यांनी आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा रोखल्या. मुरारबाजी देशपांडे ज्या लढाईत पडले, तिचा भूगोल दोन फुटांच्या चिखलात उभा राहतो.

अर्थात प्रत्येक किल्ला असा अभ्यासू नसतो. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. तटावर रणगाडे आणि पायथ्याला क्रिकेटचं मैदानही दिसतं. त्यात मुलांची मौज होते, तेवढंच. म्हणून अनेक स्पर्धांत परीक्षक सजावटीवर थांबत नाहीत. गडाची माहिती मुलांच्या तोंडून ऐकतात. पाण्याची टाकी कुठे, चोरदरवाजा कुठे उघडतो, हे सांगायला बनवणाऱ्यालाच यावं लागतं.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि स्पर्धकांना नवा विषय मिळाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी या तीन डोंगरांना तटाने बांधणारा हा किल्ला अंगणात बसवणं सोपं नाही. पण तो करायला घेतला, की रायगड संकटात असताना राजाराम महाराज इतक्या दूर का गेले आणि तिथे मोगलांना वर्षानुवर्षं वेढा घालून का बसावं लागलं, हे प्रश्न टाळताच येत नाहीत.