सेवेतील शिक्षण आणि त्याचा खर्च

आमच्या उत्पन्न-खर्च पत्रकात ‘कर्मचारी प्रशिक्षण’ असे एक शीर्ष असते. ते वाचून काही देणगीदार आम्हांस विचारतात की, डॉक्टर आणि परिचारिका शिकूनच सेवेत येतात. मग रुग्णांसाठी दिलेला पैसा त्यांच्या शिक्षणावर का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे आणि त्यास सविस्तर उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

शिरगाव, माहीम, केळवे हा आपला परिसर भातशेतीचा आणि बागायती वाड्यांचा. पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. विषाचा रक्तावर परिणाम झाला आहे काय, हे ठरविण्यासाठी एक साधी चाचणी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यावयाचे, ती नळी वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि नंतर एकदाच तिरकी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाची बाधा समजून प्रतिविष सुरू करावयाचे. या चाचणीस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. परंतु नळी प्लास्टिकची घेतली, साबणाने धुतलेली वापरली किंवा उत्सुकतेपोटी मध्येच हलवून पाहिली, तर उत्तर चुकते. शिवाय मण्यारीच्या दंशात ही चाचणी बहुधा निर्दोष येते, आणि रुग्णाच्या पापण्या मात्र जड होऊ लागलेल्या असतात. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दंशाची खूण वा वेदना नसल्यासारखीच असते. पहाटे ‘पोटात दुखते’ म्हणून आलेल्या रुग्णाकडे पाहून ज्या परिचारिकेस मण्यारीची शंका येते, तिला ती शंका घ्यावयास कोणीतरी शिकविलेले असते. देणगीतून प्रतिविषाच्या कुप्या विकत घेता येतात. ही शंका विकत घेता येत नाही.

वैद्यकीय ज्ञान नेहमी मोठ्या शहरातूनच खेड्याकडे येते, असेही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने कोकणात अनेक मुले दगावत. 1980 च्या दशकात त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरील स्वस्त गोळी जीव वाचविते, हे जगास कळले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. गोळी स्वस्त आणि ज्ञान कोकणातलेच. तरीही ते प्रत्येक दवाखान्यातील रात्रपाळीपर्यंत पोहोचावयास कोणीतरी व्याख्यान द्यावे लागते, आणि कोणीतरी ते ऐकण्यास मोकळे असावे लागते.

आपल्याच जिल्ह्यात डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेशी संलग्न आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. सार्वजनिक अनुदानातून चालणाऱ्या या केंद्राने सर्पदंशावर संशोधन केलेच, शिवाय तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना उपचाराचे प्रशिक्षणही दिले. प्रादेशिक अनुदान म्हणजे काय, याचे हे जवळचे उदाहरण होय. मात्र अशी अनुदाने मुख्यतः शासकीय यंत्रणेसाठी असतात. विश्वस्त रुग्णालयाने आपली सोय आपणच पाहावी लागते.

कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करण्यास डॉक्टरांना 30 श्रेयांक मिळवावे लागतात. परिचारिकांनाही निरंतर शिक्षणाचे तास पुरे करावे लागतात.

हा खर्च पूर्वी अनेक ठिकाणी औषध कंपन्या उचलीत. प्रवास, हॉटेल, परिषदेचे शुल्क, सारे काही. 2009 च्या दुरुस्तीने डॉक्टरांना असे आतिथ्य स्वीकारण्यास मनाई झाली, आणि औषध कंपन्यांसाठीच्या 2024 च्या आचारसंहितेनेही तीच दिशा धरली. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो; ज्याने जेवण दिले त्याचे औषध लिहिताना हात किंचित हलका होतो, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु कंपनीने सोडलेला खर्च कोणाच्या तरी माथी येतोच.

तो निर्धन रुग्ण निधीतून करता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम या निधीत स्वतंत्र ठेवावी लागते व ती निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारासाठीच असते. त्यास आम्ही हात लावीत नाही, लावणारही नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडे 2013 च्या कंपनी कायद्यान्वये सामाजिक दायित्वाचा निधी असतो, आणि वायुगळतीच्या किंवा भाजलेल्या रुग्णांच्या उपचाराचे शिक्षण त्यांच्याही परिसराच्या हिताचे आहे. पण अनुभव असा की, यंत्रासाठी होकार लवकर मिळतो. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेच्या ज्ञानावर कोठे लावणार?

आता प्रत्यक्ष हिशेब. दोन दिवसांच्या नवजात पुनरुज्जीवन वर्गास एक परिचारिका मुंबईस गेली, तर शुल्क हा बहुधा लहान भाग असतो. शिरगावहून पालघर स्थानक, तेथून लोकल. पहाटे निघूनही वर्ग गाठणे कठीण, म्हणून मुक्काम. आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या बदली परिचारिकेचे वेतन. मोठ्या रुग्णालयात चाळीसांतून एक गेली तर जाणवत नाही. आमच्याकडे एक गेली की प्रसूतिकक्षाची पाळी उघडी पडते. पूर्वी बदलीची तरतूद नसल्याने मेट्रन निमंत्रणपत्रे फाइलला लावून ठेवीत, आणि त्यांना दोष देता येत नव्हता. म्हणून आता शिक्षण निधीतून प्रथम बदलीचे वेतन दिले जाते, मग प्रवास व मुक्काम, शेवटी शुल्क. परत आलेल्या व्यक्तीने आठवड्याच्या आत आपल्या कक्षातील सर्वांना शिकलेले करून दाखवावे, एवढीच अट आहे.

विश्वस्त मंडळात यावर मतभेद झाले, हे नमूद केले पाहिजे. शिकविलेल्या परिचारिका अधिक वेतनासाठी वसई-विरारकडे किंवा मुंबईस जातात. तेव्हा सेवेचे बंधपत्र लिहून घ्यावे, असे काही विश्वस्तांचे मत होते. परिचारिका जातात हे खरे आहे. तरी बंधपत्र घेऊ नये, असे आम्ही सुचविले. त्या भीतीने शिकविणेच थांबविले, तर न शिकलेल्या मात्र आपल्याकडेच राहतील. शिवाय बंधपत्राच्या धाकाने सर्वप्रथम मागे सरते ती आदिवासी पाड्यावरून आलेली, घर चालविणारी मुलगी, आणि तीच बहुधा येथे टिकणारी असते. मंडळाने तूर्त बंधपत्राविना निधी चालविण्यास संमती दिली असून पुढील वर्षी फेरविचार होईल.

ज्यांना या कार्यास साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी देणगी देताना ‘शिक्षण निधी’ असा लेखी उल्लेख करावा. रक्कम कायम निधीत ठेवून केवळ व्याज खर्च करावे अशी इच्छा असल्यास तेही स्पष्ट लिहावे, अन्यथा ती चालू खर्चासाठी धरली जाते. या निधीच्या पावत्या वेगळ्या पुस्तकातून दिल्या जातात, आणि कोणत्या वर्गास कितीजण गेले याची नोंदवही कार्यालयात कोणाही देणगीदारास पाहावयास मिळेल.