'हार्ड'ला 'ली' लागली की

शहापूर-मुरबाडकडचा एखादा मुलगा वडिलांवर इंग्रजीत चार ओळी लिहायला बसला आणि 'माय फादर वर्क्स हार्डली' असं लिहून गेला, तर गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारा बाप एका 'ली'पायी आळशी ठरतो. वाक्याचा अर्थ होतो, 'बाबा फारसं काम करत नाहीत.' मेहनत सांगायला नुसतं 'हार्ड' पुरे.

मुलाचा तर्क मात्र बिनतोड आहे. स्लोचं स्लोली होतं, क्विकचं क्विकली होतं, मग हार्डचं हार्डली का नाही? पूर्वी होतही असे. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'हार्डली' 'मोठ्या कष्टाने' या अर्थानेही येतो. जे कष्टाने होतं ते थोडंच होतं, थोडंच म्हणजे जवळजवळ नाहीच, असा तो अर्थ पुढे घसरत गेला.

या शब्दाच्या पोटातच नकार आहे, म्हणून जोडीला 'नॉट' नको. आपल्या 'फारसं'ला 'नाही' लागतंच, त्यामुळे मराठी हात सवयीने 'नॉट' लिहून मोकळा होतो. 'विहिरीत फारसं पाणी नाही' याचं इंग्रजी 'देअर इज हार्डली एनी वॉटर इन द वेल' एवढंच. तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर. उदाहरण शोधायला लांब जायला नको. विहीर ठणठणीत कोरडी असेल तर मात्र सरळ 'नो वॉटर' म्हणावं. 'हार्डली'ला तळाशी थोडं तरी पाणी लागतं.

गाइडांमध्ये 'हार्डली'पुढे स्केअर्सली, बेअरली, रेअरली अशी माळ छापलेली असते, जणू कुठलाही मणी कुठेही चालेल. 'स्केअर्सली' चालतो, जरा पुस्तकी वाटतो इतकंच. 'बेअरली'चा कल होकाराकडे. दहावीला काठावरचे ३५ गुण पडले तर 'बेअरली पास्ड'. जेमतेम, पण पास! 'रेअरली'ला तर या माळेत ओवायलाच नको होतं. तो किती वेळा ते सांगतो, किती प्रमाणात ते नाही. पाड्यावर एसटी क्वचित येते, तिथे तो शोभतो. 'हार्डली'ला तिथे बसवायचं तर मागे 'एव्हर' जोडावं लागतं.

राहिली जागा. 'हार्ड' क्रियापदानंतर येतो, 'हार्डली' बहुधा त्याच्या आधी. आणि तोच वाक्याच्या तोंडाशी बसला तर कर्त्याला सरकावं लागतं: 'हार्डली हॅड द बस स्टॉप्ड व्हेन द रेन बिगॅन.' एसटी थांबते न थांबते तोच पाऊस सुरू.