साल्टेअर येथील वृद्धगृहें

'आल्म्सहाउस' या शब्दास मराठींत 'धर्मशाळा' म्हणण्याचा मोह होतो. परंतु धर्मशाळा ही वाटसरूची; तेथें रात्र काढून पुढें जावयाचें. इंग्लंडांतील या घरांत म्हातारपणीं प्रवेश करावयाचा तो अखेरपर्यंत राहण्यासाठीं. यॉर्कशायरांत ब्रॅडफर्डजवळ साल्टेअर गांवीं याचा उत्तम नमुना आहे. टायटस साल्ट यानें १८५३ सालीं तेथें लोंकरीची गिरणी उघडली व भोंवतीं कामगारांचें गांव वसविलें. १८६८ सालीं वृद्ध व अशक्तांसाठीं त्यानें ४५ दगडी घरें बांधविलीं. आराखडे लॉकवुड व मॉसन यांचे. घर बिनभाड्याचें, शिवाय दांपत्यास आठवड्यास १० शिलिंग व एकट्यास साडेसात. याचें नातें आपल्याकडील वर्षासनाशीं अधिक, असें आम्हांस वाटतें.

या घरांचें मोल कळण्यास १८३४ चा दरिद्र-कायदा ध्यानांत घ्यावा. त्यान्वयें निराधारांस सरकारी दरिद्रगृह दाखवीत व तेथें नवराबायकोस वेगळें ठेवीत. १८४७ सालीं साठीपुढील दांपत्यांस एकत्र राहण्याची मुभा मिळाली, पण ती पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिली. साल्टेअरांत जोडप्याची चूल मोडत नसे. मात्र प्रवेशार्थी सच्छील असावा व वय, रोग किंवा अशक्तपणा यांमुळें कामास असमर्थ असावा, अशी अट होती. अशा संस्थांचे कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं इमारतीच्या वर्णनाआधीं या अटीच वाचाव्या. सत्तरीपुढील गरिबांस सरकारी वेतन मिळूं लागलें तें १ जानेवारी १९०९ पासून. तेंही आठवड्यास फार तर ५ शिलिंग.