भूल देण्यापूर्वी

एखाद्याला अंतर्गळ होतो, पित्ताशयात खडे होतात आणि डॉक्टर सांगतात, "शस्त्रक्रिया करावी लागेल." घर काळजीत पडते. त्यातून रोग्याला एचआयव्हीची लागण असली, तर कुजबूज सुरू होते, "डॉक्टरांना सांगावे की लपवावे?" आमचे उत्तर आहे, सांगावे. का, ते आता पाहू.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. त्या वेळी रोग्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब भूल देणारे डॉक्टर सांभाळतात. ज्याला सांभाळायचे, त्याच्या शरीराची माहिती त्यांना नको का?

पहिली चौकशी रोगाच्या स्थितीची. हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली आल्या, की इतर रोगांना दार उघडे होते. दुसरा आकडा रक्तातील विषाणूंचा, म्हणजे व्हायरल लोडचा. नेमाने गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा होतो. अशा रोग्याची शस्त्रक्रिया बहुधा चारचौघांसारखीच पार पडते. आकडे वाईट असले आणि घाई नसली, तर डॉक्टर आधी प्रकृती सुधारून घेतात. जीव धोक्यात असला, तर मात्र आकड्यांसाठी कोणी थांबत नाही.

दुसरी चौकशी अवयवांची. छातीत क्षय तर नाही? हृदय, यकृत, मूत्रपिंड ठीक आहेत ना? टेनोफोव्हिर या औषधाने काहींच्या मूत्रपिंडाला त्रास होतो. झिडोव्युडिनने रक्त कमी होऊ शकते. म्हणून रक्त तपासतात.

तिसरी चौकशी गोळ्यांची, आणि लपवाछपवीचा खरा धोका इथेच आहे. रिटोनाव्हिर घेणाऱ्याच्या शरीरात मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध फार वेळ रेंगाळते. डॉक्टरांना हे ठाऊक असले, तर ते मात्रा कमी करतील किंवा दुसरे औषध निवडतील. ठाऊकच नसले, तर काय करतील बिचारे? तेव्हा गोळ्यांची बाटली आणि एआरटी केंद्राचे पुस्तक बरोबर न्या. उपास सांगितला म्हणून या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी का, हे डॉक्टरांनाच विचारा. गोळ्यांत खंड पडला, तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, "सांगितले आणि दारातूनच परत पाठवले तर?" भीती खोटी नाही, असे घडलेले आहे. पण २०१७ साली याविषयी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. लागण आहे एवढ्यावरून उपचार नाकारता येत नाहीत, संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि ही गोष्ट चारचौघांत फोडताही येत नाही. हातमोजे घालणे, सुया नीट टाकणे ही दक्षता तर प्रत्येक रोग्यासाठीच असते. तरीही चुकून सुई टोचली, तर डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रतिबंधक औषध आहे. ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

गुरुजी, गावात लोक सल्ल्याला तुमच्याकडे येतात. त्यांना १०९७ हा विनामूल्य मदतीचा दूरध्वनी क्रमांक सांगा. आणि कोणी विश्वासाने मन मोकळे केले, तर ती गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या.